ते अस्वल नव्हते

सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, ‘अस्वल सर कालवश’, आणि त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, हातातला चहा तसाच निवून गेला.

“वाचा वन्सं,” त्यांनी पेपर नणंदेपुढे टाकला. “जन्मभर ज्या शब्दाशी भांडले, तोच नावाला चिकटवला मेल्यांनी.”

सर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. वर्गाबाहेर मात्र त्यांचा विषय एकच, कोआला हे अस्वल नव्हे. कुणी ‘कोआला अस्वल’ म्हटलं की सर भरल्या ताटावरून उठायचे. अस्वलासारखं दिसतं म्हणून अस्वल होतं काय? ते पिशवीवाल्यांच्या कुळातलं, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारं, कांगारूंच्या गोतावळ्यातलं. शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला तिच्या आजीनं कापडी कोआलाला लाडानं ‘अस्वलोबा’ म्हटलं, तर सरांनी केक कापायच्या आधी सगळं कुळ समजावून दिलं. मुलगी रडली, आजी फणकारली आणि त्या घराशी बोलणं तुटलं. अशी एकेक करत माणसं तुटत गेली. वर्गातली मुलं ‘अस्वल सर’ म्हणू लागली तीही खोडसाळपणानंच.

म्हणून तर आज बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि भेटायला कुणी येत नव्हतं. काकूंना त्याचं वाईट वाटत होतं. पण पेपरातला शब्द त्याहून जास्त लागला होता.

“निदान गेल्यावर तरी एकदा बरोबर छापून येऊ दे,” त्या म्हणाल्या. “एवढंच करायचं राहिलंय आता त्यांच्यासाठी.”

त्यांनी पेपरच्या कचेरीत फोन लावला. उपसंपादक नेमका सरांचाच विद्यार्थी निघाला. फोनमध्ये खरखर होती.

“ते अस्वल नव्हे,” काकू म्हणाल्या.

“माहीत आहे हो काकू. आम्ही आपले प्रेमानं म्हणायचो.”

“प्रेमानं का होईना, चूक ती चूक. ते अस्वल नाही. ते पिशवीवाल्यांच्या कुळातलं.”

“पिशवीवाल्यांच्या? सर कधी बोलले नाहीत.”

“रोज बोलायचे. तुम्ही ऐकत नव्हतात.”

पलीकडचा माणूस ओशाळला. “उद्याच दुरुस्ती टाकतो,” म्हणाला.

आता यात दोष कुणाला द्यायचा? काकूंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्यांच्यासाठी नवरा म्हणजे ‘ते’. आणि आपल्या भाषेची गंमत अशी की कोआलाही ‘ते’च. राहता राहिलं ‘कुळातलं’ की ‘कुळातले’, तर तेवढा फरक खरखरीनं खाऊन टाकला. दुसऱ्या दिवशी चौकट आली, ‘काल दिवंगत शिक्षकांचा उल्लेख अस्वल असा झाला. ते अस्वल नव्हते. ते पिशवीवाल्यांच्या कुळातले होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

वन्संनी दोनदा वाचलं. “दादानं पिशव्या कधी विकल्या गं वहिनी?” म्हणाल्या, आणि हसू की रडू अशा तोंडाला पदर लावून बसल्या.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. काकूंनी पुन्हा फोन केला, तर उपसंपादक बाहेर गेलेला. आला की फोन करेल, असं कुणीतरी सांगितलं. रिसीव्हर ठेवतात न ठेवतात तोच दाराची घंटा वाजली.

दारात बाजारातले पिशव्या शिवणारे उभे होते, तिघं. सगळ्यांत म्हाताऱ्याच्या गळ्यात अजून मोजपट्टी लोंबत होती. ती काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

“पेपरात वाचलं, वहिनी,” तो म्हणाला. “आमच्यातला माणूस इतका शिकला, सर झाला, आणि आम्हाला पत्ता नाही. तसेच उठून आलो.”

वन्संनी खरं सांगून टाका अशी खूण केली. काकूंना ते जमेना. खुर्च्या पहिल्यांदाच भरल्या होत्या. त्यांनी चहा टाकला.

चहा पिता पिता म्हाताऱ्याची नजर भिंतीवरच्या कोआलाच्या तसबिरीकडे गेली. “हे अस्वल गोड आहे हो.”

वन्संनी डोळे मिटले. काकूंच्या तोंडून नकळत सरांचंच वाक्य निघालं, सरांच्याच सुरात. “ते अस्वल नाही.”

सरांचं बोलणं इथवर आलं की लोक घड्याळ बघायचे. म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. “मग काय आहे?”

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. खुद्द काकूंनीही नाही. त्यांना ते नुसतं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. त्या अडखळत सांगू लागल्या. पिल्लू जन्मतं तेव्हा शेंगदाण्याएवढं असतं. मग ते महिनोन्‌महिने आईच्या पोटाच्या पिशवीतच वाढतं. आणि त्या पिशवीचं तोंड असतं खालच्या बाजूला.

“खाली?” म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मग पिल्लू पडत कसं नाही?”

“तोंडाशी स्नायू असतो. आई तो आवळून धरते.”

“म्हणजे नाडीची पिशवी,” म्हातारा सोबत्यांकडे वळला. “बघा, मी सांगत नव्हतो? नाडी पक्की असली की तोंड कुठेही ठेवा.” मग तसबिरीकडे पुन्हा एकदा नीट बघून म्हणाला, “बरोबर आहे. अस्वलाला कुठली आलीय पिशवी? सर बरोबर होते.”

सर गेल्यापासून काकू रडल्या नव्हत्या. आता मात्र त्यांना आवरेना. हे एक वाक्य ऐकायला सर जन्मभर थांबले होते, आणि ते आलं तेव्हा घरात नव्हते. वन्सं पाठीवर हात फिरवत राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला. उपसंपादक होता. “माफ करा काकू, घोटाळा आत्ता कळला. उद्या दुरुस्तीची दुरुस्ती छापतो.”

“नको,” काकू नाक पुसत म्हणाल्या. “बरोबर छापलंत तुम्ही. ते पिशवीवाल्यांच्यातलेच.”

“कोण काकू? सर की कोआला?”

काकूंनी भरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

“ते,” म्हणाल्या, आणि फोन ठेवला.