फुकटची कोथिंबीर

नलूकाकू शेपूट मोडून बघितल्याशिवाय भेंडी घेत नाहीत. एकेका भेंडीचं. टक्! कोवळी असली तर पिशवीत, नाहीतर "जून आहे मेली!" म्हणून परत ढिगात. हे पुण्याच्या मंडईत खुशाल करावं हो! पण इथे वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलमध्ये, मिसेस लिम नावाच्या मलेशियन चिनी बाईच्या दुकानात? जिथे भेंडी विमानाने येते आणि सोन्याच्या भावाने विकली जाते?

आणि यांना गाडीतून नेणार कोण? मी! शेजारधर्म म्हणून एकदा "चला" म्हणाले आणि जन्माची अडकले. आठवडाभर फार्मसीत उभं राहून पायांचे तुकडे पडतात. शनिवारी जरा लोळावं, तर सकाळीच कापडी पिशवी घेऊन काकू दारात. "निघायचं ना गं?"

दुकानात पाऊल टाकलं की सुरू.

"यू ब्रेक, यू बाय!" काउंटरमागून लिमबाई कडाडायची.

"घेण्याच्या लायकीची ठेव की मग!" काकू अस्सल मराठीत.

पैसे दिल्यावर काकू पुन्हा पिशवी पुढे करणार. "वर थोडी कोथिंबीर घाल." इथे भाजीवर कोथिंबीर फुकट देत नाहीत, हे सांगून सांगून माझा घसा बसला. "कोथिंबीर विकत? माणसं आहेत का कोण आहेत!" लिमबाई तिच्या भाषेत काहीतरी सणसणीत सुनवायची. मागे रांग खोळंबलेली आणि मी लाजेने तांदळाच्या पोत्यांआड.

एवढं होऊन दुकानातच मागे मांडलेल्या टेबलाशी बसायचं, लिमबाईच्या हातचं नूडल सूप मागवायचं आणि तिला ऐकू जाईल असं म्हणायचं, "पाणचट!" वाडगा मात्र चाटूनपुसून साफ.

शेवटी गाडीत माझा स्फोट झाला. "काकू, घरी फ्रीज भरलेला असतो. तुमची सून सगळं आणते. कशाला हा तमाशा?"

"घरी?" काकू माझ्यावरच उसळल्या. "घरी सगळे गोड गोड! 'आई, तुम्ही बसा. आई, राहू दे.' नातवंडं इथल्या पोरांसारखं 'स्वीट ॲज, आजी', म्हणजे 'मस्त हं', म्हणून पळतात. नुसती बसवून ठेवलीय मला! एक माणूस धड भांडत नाही माझ्याशी!"



मग एका शनिवारी काउंटरवर लिमबाईचा नवरा होता. काकूंनी भेंडी मोडली, तो हसला. निघताना त्याने आपणहून कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. "फ्री, आंटी."

काकूंनी जुडी काउंटरवर आपटली. "ती कुठाय?"

मी विचारलं. लिमबाईचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. आता मऊ अन्न चालत होतं, पण ती हॉस्पिटलात कशालाच तोंड लावत नव्हती. कोणाशी बोलतही नव्हती.

"बघतेस काय माझ्याकडे?" काकू खेकसल्या. "घरी चल. मुगाची खिचडी टाकते."

दुपारी आम्ही गेलो, तेव्हा लिमबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढीशी झाली होती बिचारी. काकूंनी डबा उघडला आणि चमचा थेट तिच्या तोंडाशी नेला. "ईट!"

तिने घास घेतला. बराच वेळ घोळवला. मग तोंड वाकडं केलं. "नो टेस्ट. टेरिबल!"

"आली मोठी शहाणी!" काकू अशा ओरडल्या की नर्स धावत आली. मी तिला कसंबसं दारात थोपवलं. वळून पाहते तर काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हातात पुढचा चमचा भरलेला.

"खा मेले," काकू म्हणाल्या. "खा आणि लवकर ये."