वसुबारसेची अमेरिकन गाय

"आई, त्या गाईला कुंकू कोणी लावलं?"

ऑफिसातून आलेला विनय कोट न काढताच भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर घरमालकीण साराच्या मालकीचं एक तैलचित्र होतं. अमेरिकेतलं जुनं शेत, लाकडी कुंपण, गवताची गंजी आणि मधोमध एक करडी गाय. तिच्या कपाळावर हळदकुंकू!

"मीच," रेखाताई म्हणाल्या. "आज वसुबारस. इंग्लंडात, तुमच्या या रीडिंग गावात गाय कुठून आणू? सकाळपासून उपास आहे माझा. पूजा झाली, आता भाकरी टाकते."

"अगं, जवळजवळ दोनशे वर्षांचं पेंटिंग आहे ते! सारा सहाला इन्स्पेक्शनला येतेय. तिनं नव्या करारावर सही नाही केली तर घर जाईल, आणि तुझ्या नातवाची, परीक्षितची, शाळापण!"

पाऊण तास उरला होता. वैभवी फोनमध्ये बघून नवऱ्याला म्हणाली, "ओला कापूस घे. हलक्या हातानं हं, गॅसची शेगडी नाहीये ती."

कुंकू निघालं. त्याबरोबर खालचा मळही निघाला आणि करड्या कपाळावर पाच पेन्सच्या नाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका चमकू लागला. तो लपावा म्हणून विनयने सगळं तोंड पुसलं. मग मान परक्याची दिसू लागली, म्हणून मान. ऑफिसातही एक चूक झाकायला तो कोडच्या चाळीस ओळी बदलत असे. पुसत पुसत तो पोटाखाली पोचला.

"वैभवी," तो वाकून बघत म्हणाला, "कास गेली."

"कुठे गेली?"

"कापसात!"

रेखाताईंनी चष्मा लावला. "पेन्सिलीनं काढ की परत."

तेवढ्यात बेल वाजली.

साराने ना बाथरूम पाहिलं, ना ओव्हन. ती चित्रापुढे थांबली ती थांबलीच. विनयने मनातल्या मनात निम्मं सामान बांधून टाकलं.

"माझे आजोबा मरेपर्यंत सांगत होते की हा बैल आहे," ती अखेर म्हणाली. "कुणी ऐकलं नाही. आणि ती कास, तो करडा रंग, सगळी फायरप्लेसची काजळी निघाली!" तिने डोळे टिपले आणि करारावर सही ठोकली.

विनयने आईला मराठीत सांगितलं. रेखाताईंनी चष्मा सारखा करून चित्र जवळून पाहिलं.

"म्हणजे मी बैलाला ओवाळलं?"

"आई, ती खूश आहे गं! तिच्या घरी अशीच अजून तीन चित्रं आहेत. उद्या येऊन पुसून द्याल का, विचारतेय."

रेखाताईंनी तबक उचललं.

"उद्या कशाला? आत्ताच चल. पण या वेळी आधी पुसायचं, मग पूजा."