बुकरा, दहाच्या आत

फोन वाजला तेव्हा मॅग्डलिन अंघोळीला गेली होती आणि व्हॅलेरियन ड्युटीवरून यायचा होता, म्हणून तो फ्लाविया मावशीने घेतला. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

वसईहून मस्कतच्या हमरिया भागात भाचा व्हॅलेरियन आणि त्याची बायको मॅग्डलिन यांच्या फ्लॅटवर येऊन मावशीला जेमतेम दहा दिवस झाले होते. वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेले, पण कान शाबूत आहेत, असा तिचा दावा होता.

"फेबियनचा फोन आला होता," तिने जेवताना सांगितलं. "त्याला बोकड हवाय."

"बोकड?" व्हॅलेरियनचा घास हातातच राहिला.

"दहाच्या आतला. नाहीतर खलास, म्हणाला."

"दहा काय?"

"किलो असतील. दहा वर्षांचा बोकड कोण खातो?"

वसईतलं फेबियनचं घर व्हॅलेरियन बारा वर्षं हप्त्याहप्त्याने विकत घेत होता. मध्ये बँक नव्हती. करारातलं एक कलम मॅग्डलिनला प्रार्थनेसारखं पाठ होतं: शेवटचा हप्ता ठरल्या तारखेला, फेबियन सांगेल त्या वेळी हातात पडला नाही, तर घर त्याचंच आणि आजवरचे पैसे म्हणजे भाडं. ती तारीख उद्याची होती. संध्याकाळी सहाला वादी अदाईत त्याच्या घरी जाऊन पैसे द्यायचे आणि सही घ्यायची. मग तो कायमचा गावी जाणार होता. वसईच्या त्या घरातली तळमजल्यावरची, पायऱ्या नसलेली खोली मावशीची, हेही ठरून गेलं होतं.

"पण करारात बोकड कुठेय?" मॅग्डलिन म्हणाली.

"सगळं का कागदावर असतं? पप्पांनी वाडी घेतली तेव्हा याच फेबियनच्या आजोबांना बोकड दिला होता. मी सात वर्षांची. दोरी माझ्या हातात होती."

व्हॅलेरियनने आलेल्या नंबरवर फोन लावला. तो फेबियनच्या शेजाऱ्याचा निघाला. फेबियनने स्वतःचं सिम बंद केलं होतं, आणि शेजारी ड्युटीवर होता.

"बारा वर्षं खेचलं," व्हॅलेरियनने उसासा टाकला. "आता एका बोकडासाठी वाकडं नको."

सकाळी साडेसातला तिघं दोनशे किलोमीटरवरच्या सहमला, मुआजच्या शेतावर हजर. मुआजच्या मस्कतमधल्या घरचे एसी व्हॅलेरियनच दुरुस्त करायचा. पहिला बोकड बारा किलो भरला, दुसरा अकरा. तिसरा साडेनऊ. फेबियन पडला चिकित्सक, म्हणून मावशीने तो आकडा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून घेतला. बोकड पंचेचाळीस रियालला ठरला. व्हॅलेरियनने पन्नासची नोट दिली.

"छुट्टा नहीं है," मुआज म्हणाला. "पाँच रियाल बुकरा, इन्शाल्ला."

"पाच रियालला बकरा?" मावशी उसळली. "मग हा पंचेचाळीसला कशाला घेतलास?"

"बुकरा गं मावशी! अरबीत बुकरा म्हणजे उद्या."

 दोरी मावशीच्या हातातून सुटली.

"व्हॅली, फेबियनपण असंच म्हणाला रे. ओठ गोल करून."

"काय म्हणाला? एकेक शब्द सांग."

"बुकरा, दहाच्या आत. नाहीतर खलास, माझं विमान आहे."

"विमान! हे काल का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, बोकड विमानातून नेणार."

आठ वाजत आले होते. बोकड एव्हाना गाडीच्या मागच्या सीटवर चढून बसला होता. त्याला उतरवायलाही वेळ नव्हता. पैशांची पिशवी छातीशी धरून मॅग्डलिन ते कलम पुटपुटत राहिली. वेग टिपणारा रडार दिसला की व्हॅलेरियन ब्रेक मारायचा आणि बोकड मावशीच्या मांडीवर यायचा. तिला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं, असं तिला वाटत होतं. आपल्या कानांनी पोरांचं घर खाल्लं.

वादी अदाईत पोचले तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. टॅक्सीत सामान चढलं होतं. फेबियनने आधी घड्याळाकडे पाहिलं.

"दहाच्या आत म्हणालो होतो. करारात स्पष्ट लिहिलंय, व्हॅलेरियन."

"ऐकून तर घ्या—"

"काय ऐकू? बारा वर्षं पावतीवर वेळ टाकतोय मी. आज काय लिहू?"

तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं. आधी बोकड उतरला, मग दोरी, मग मावशी.

"फेबियन, तू काय मागितलंस? बुकरा, दहाच्या आत. मी वसईची बाई, मला ऐकू आलं बकरा. आणलाय." तिने पुठ्ठा पुढे केला.  "आणि आहे दहाच्या आत. बघ, साडेनऊ."

फेबियनने बोकडाकडे पाहिलं. मग दोरीकडे, मग मावशीकडे.

"आजोबा सांगायचे," तो सावकाश म्हणाला. "वाडी विकली तेव्हा एक पोरगी बोकड घेऊन आली आणि दोरी सोडेचना. रडून आळी गोळा केली म्हणे."

"तीच मी."

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. फेबियनने पिशवी घेतली, कागद टॅक्सीच्या बॉनेटवर ठेवला आणि सही केली. वेळेच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. 

"तो पुठ्ठा दाखवा बरं, मावशी."

त्याने आकडा नीट वाचला आणि रकान्यात लिहिलं: साडेनऊ.

वाजले की किलो, ते मात्र लिहिलं नाही.