तीसपैकी तीस हातमोजे

बत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे मी! तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात असा एक कास्तकार दाखवा, ज्याचा कान या नत्थुजी गुरुजीच्या हातात आला नाही. शाळेची तपासणी म्हणजे तर माझ्या डाव्या हातचा मळ! साहेबानं प्रश्न विचारायचा अवकाश, अख्खा वर्ग एका सुरात उत्तर ठोकायचा. म्हणून आमची आकांक्षा अमरावतीला एम.ए.ला निघाली, तेव्हा मी छातीठोक सांगितलं, "परीक्षेचं टेन्शन घेऊ नको पोरी. तुहा बाप बसला हाय!"

"बाबा, आता पाठांतराचं काही राहिलं नाही," ती म्हणाली. "प्रकल्पाले गुण, तोंडी परीक्षेले गुण, वर्गात काय बोललो त्याले गुण!"

"मंग गाइड कोणतं घ्यायचं?"

"गाइड नसते बाबा. प्रश्न आपणच काढायचा, उत्तर आपणच शोधायचं."

पेपर काढणारा आणि सोडवणारा एकच! मला त्या विद्यापीठाचीच काळजी वाटली.

शेवटच्या वर्षाला शंभर गुणांचा प्रकल्प आला. कपाशीवर फवारणी करताना शेतकरी काय काळजी घेतात, हे तीस जणांना विचारायचं आणि लिहायचं. प्रकल्प नापास, तर वर्ष गेलं! आकांक्षानं आमचंच गाव निवडलं, आणि प्रश्नावलीच्या झेरॉक्स काढायचं काम दिलं माझ्याकडं. म्हणजे पेपर आधीच माझ्या हातात! ती रविवारी येणार होती. शनिवारीच मी तीसही कास्तकार शाळेच्या ओट्यावर बसवले.

"धर्मपाल, फवारताना हातात काय घालतं?"

"घड्याय!"

"हातमोजे म्हण बे! रबरी!"

"पण गुरुजी, आपल्याजवळ हातमोजे हायेत कुठी?"

"उत्तर मांगून राहिलो, हातमोजे नाही!"

तासाभरात तीसही जण तयार. जैनुद्दीन तर शाळेत कधी एवढा घडाघडा बोलला नव्हता.

रविवारी आकांक्षा घरोघरी फिरली, उत्तरं लिहून घेतली आणि अमरावतीला गेली. मी मिशीला पीळ देत बसलो. आठ दिवसांनी फोन आला. पोरगी रडत होती!

"बाबा, प्रकल्प तपासणाऱ्या निखत मॅडम म्हणतात, तीसपैकी तीस उत्तरं शब्दाले शब्द सारखी! त्यायले वाटते, मीच घरी बसून भरली. प्रकल्प रद्द होईन! उद्या त्या सोता तपासायले येऊन राहिल्या!"

शहाण्या माणसानं इथं कबुली दिली असती. पण 'तपासायले' एवढं ऐकलं आणि माझ्या अंगात हेडमास्तर संचारला! तपासणी ना? येऊ द्या!

"आता तरी गप बसा," आकांक्षाची माय, आमची आशाबाई, ओरडली. "काहून पोरीचं वाटोळं करता?"

मी कशाचा ऐकतो! ओट्यावर पुन्हा उजळणी घेतली, वर नवीन सूचना दिली, "मॅडम दिसल्या की विचारायची वाट पाहू नका!"

दुसऱ्या दिवशी मॅडम, आकांक्षा आणि मी धर्मपालच्या वावरात पोचलो. धर्मपाल बनियानवर, पाठीला पंप, आणि उघड्या हातानं बादलीतलं औषध ढवळून राहिला होता! मॅडम दिसताच पठ्ठ्या सावधानमध्ये उभा राहिला. "मी फवारणी करताना रबरी हातमोजे घालतो!" कोपरावरून औषध टपकत होतं.

"कुठं आहेत हातमोजे?" मॅडमनी विचारलं.

धर्मपालनं माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी, हा प्रश्न तं तुमी सांगतला नव्हता!"

तेवढ्यात बाजूच्या वावरातून जैनुद्दीन हात हलवत पळत आला. "मी बी घालतो मॅडम! रबरी!"

आकांक्षा नुसती माझ्याकडं पाहत राहिली. बत्तीस वर्षांत कोणत्याही साहेबानं माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं हो! लाज वाटली मला.

"मॅडम, पोरीचा गुन्हा नाही," मी म्हणालो. "तिले माहीतही नाही. मीच पाठ करून घेतलं."

मॅडम तिच्याकडं वळल्या. "मग आता काय करशील?"

"पुन्हा विचारीन. एकटी. आणि पहिल्यांदा काय झालं, तेही लिहीन."

"आठ दिवस देते."

आठ दिवस पोरगी उन्हातान्हात बांधाबांधानं फिरली. मला आशाबाईनं अंगणाच्या बाहेर पाय टाकू दिला नाही. खरं उत्तर निघालं, तीसपैकी दोन! त्यातला एक औषधांच्या दुकानदाराचा जावई, म्हणजे हातमोजे फुकटचे.

आणि निकाल? शंभरपैकी ब्याण्णव! वर्गात पहिली! माझी पोरगी! तोंडी परीक्षेत मॅडमनी म्हणे चौथ्या प्रकरणावरच अर्धा तास विचारलं, आणि हिनं एकाही प्रश्नावर मान खाली घातली नाही.

"बाबा, ते अख्खं प्रकरण तुमच्यावरच हाय," ती हसत म्हणाली.

विद्यापीठात माझ्यावर प्रकरण! मी पुढचं ऐकायलाही थांबलो नाही. सोनेरी अक्षरांची प्रकल्पाची ती जाडजूड प्रत काखेत मारली, तडक ओट्यावर गेलो आणि अख्खं गाव गोळा केलं. चष्मा पुसला, पान एकेचाळीस उघडलं आणि तपासणीच्या दिवशीच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"प्रकरण चौथे. माहिती बिघडण्याची कारणे. कारण पहिले आणि शेवटचे: वडील!"

धर्मपाल हळूच उभा राहिला.

"गुरुजी, हे बी पाठ करायचं हाय का?"