चौऱ्याहत्तर ठोके

सहलीच्या दिवशी कुठल्याही घड्याळाला हात लावणार नाही, असा शब्द घड्याळजींनी बायकोला दिला होता. (शब्द देताना त्यांचा हात शेजाऱ्यांच्या गजराच्या घड्याळात होता, पण ते सोडा.) मागच्या सहलीत त्यांनी हॉटेलातलं घड्याळ उघडलं होतं आणि तलाव बायकोने एकटीनेच पाहिला होता.

"या वेळी हात लावलात, तर यापुढे मी ताईबरोबर फिरायला जाईन," ती म्हणाली होती. "तुम्ही बसा स्क्रू मोजत."

ती बोलते ते करते, हे घड्याळजींना बावीस वर्षांत चांगलंच कळलं होतं.

शहरापासून तासाभरावर ते गाव होतं. सहाशे वर्षांपूर्वीची तटबंदी, दगडी गल्ल्या, मधोमध मनोरा. इतकं शांत, की कुणी दोन घरं पलीकडे खोकलं तरी ऐकू यावं. परतीची बस एकच, चारची. घड्याळजींना मात्र सकाळपासूनच काहीतरी खटकत होतं. त्यांच्या घड्याळाप्रमाणे बस चाळीस मिनिटं उशिरा सुटली, खानावळ चाळीस मिनिटं उशिरा उघडली आणि मनोऱ्यावरचं घड्याळही बरोबर चाळीस मिनिटं मागे होतं.

"अख्खं गाव मागे आहे," ते पुटपुटले.

"असू दे," बायको म्हणाली. तिने झाडाखाली चपला काढून पाय पसरले. "किती वर्षांनी टिकटिक ऐकू येत नाहीये. अहो, तुम्हीही जरा पडा."

तिचा डोळा लागला. घड्याळजींनी मनोऱ्याकडे पाठ करून पाहिली, डोळे मिटून पाहिले. हाताची खाज काही जाईना. मनोऱ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. (कुलूप असतं तर ही गोष्टच घडली नसती, म्हणजे चूक अर्धी गावाचीच.) ब्याण्णव पायऱ्या चढून त्यांनी दोन वीसचे तीन केले. वर तीन ठोके पडले. बायको कूस बदलून पुन्हा झोपली आणि घड्याळजी साळसूदपणे तिच्याशेजारी येऊन बसले.

ती जागी झाली तेव्हा ते म्हणाले, "चार वाजायला दहाच मिनिटं आहेत. चल."

"छे. पुष्कळ वेळ आहे. बसा निवांत."

"अगं, पण..."

"मला माहीत आहे ना."

तिला काय माहीत होतं कोण जाणे. घड्याळजींच्या मनात चोर होता, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. मग मनोऱ्यावर चार ठोके पडले आणि वेशीतून बस निघून गेली. रिकामी.

"चार? आत्ताच चार कसे वाजतील?" बायको उठून उभी राहिली.

तेवढ्यात भट्टीवाला हातात एक फिकट पाव घेऊन गल्लीतून आला. त्याने तो मध्ये मोडून दाखवला. आत नुसतं पीठ.

"तीनच्या ठोक्याला भट्टी उघडली, तर सगळे पाव कच्चे. माझ्या आजोबांपासून हे घड्याळ एक मिनिट चुकलेलं नाही. तेव्हापासून घरोघर विचारत फिरतोय, मनोऱ्यात कुणी गेलं होतं का?"

"ते चाळीस मिनिटं मागे होतं," घड्याळजी बोलून गेले. "मी नीट केलं."

बायकोने आधी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"अहो, तुमचं घड्याळ मीच काल चाळीस मिनिटं पुढे केलं होतं. तुमच्या हातून एकदा तरी बस वेळेवर मिळावी म्हणून."

घड्याळजींना कुठे तोंड लपवावं कळेना. गावातलं एकमेव चुकीचं घड्याळ ते सकाळपासून मनगटावर मिरवत होते.

"होतं तसं करा," भट्टीवाला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

ठोक्यांचं घड्याळ मागे फिरवता येत नाही, यंत्र बिघडतं. म्हणजे चार दहावरून साडेतीनवर यायचं तर पुढूनच, अकरा तास वीस मिनिटं, वाटेतला प्रत्येक तास वाजवत. भट्टीवाला मागे उभा राहिला आणि घड्याळजी काटा फिरवू लागले. पाच. सहा. सात. खाली दारं उघडली, माणसं ओट्यांवर येऊन मोजू लागली. एकूण चौऱ्याहत्तर ठोके झाले. बायको कानांवर हात ठेवून झाडाखाली बसली होती, ते वरून दिसत होतं. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. (लोलक चाळीस मिनिटं नुसता थांबवला असता तरी चाललं असतं, हे त्यांना चौऱ्याहत्तराव्या ठोक्यानंतर सुचलं.)

ते खाली आले तेव्हा बसही परत आली होती. पुढच्या थांब्यावर रोजचं एकही माणूस दिसलं नाही, तेव्हा ड्रायव्हरला शंका आली होती.

"हेच का ते?" त्याने विचारलं. "काय करता हो तुम्ही?"

घड्याळजींनी मनगट पाठीमागे लपवलं.

"शिंपी आहेत," बायको शांतपणे म्हणाली.

त्या क्षणी घड्याळजींना ती देवासारखी वाटली. पण ड्रायव्हरने लगेच बाही पुढे केली. मनगटाजवळचं बटण तुटलं होतं, आणि बायकोच्या पर्समध्ये सुईदोरा निघाला.

चाराला पाच कमी असेपर्यंत घड्याळजी घाम गाळत होते. बटण पक्कं बसलं. बाहीची दोन्ही टोकंही एकमेकांना पक्की शिवली गेली. ड्रायव्हरने हात बाहीतून काढायचा दोनदा प्रयत्न केला, मग नाद सोडून गाडी सुरू केली.

"ताईला कळवते, पुढच्या महिन्यात आम्ही दोघी निघू," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"बरं आहे साहेब, शिंपीच झालात," तो म्हणाला. "त्या हातांनी घड्याळं दुरुस्त करत असता तर?"