धोंडूकाकांची बटणं

धोंडूकाकांच्या घरी पंखा लावायला गेलं की बोटाला करवंटी लागते. दिव्याच्या बटणावर त्यांनी चिंचोका चिकटवलाय, पाण्याच्या पंपावर शिंपला. "विमानात चाकं खाली सोडायच्या दांड्याला चाकासारखीच मूठ असते," ते सांगतात. "बघायला लागत नाय. हाताला कळतं."

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, काका माझे शेजारी. मुंबईत वैमानिकांना शिकवायला एक खोटं विमान होतं, जमिनीवर उभं राहून संगणकावर उडणारं. काकांनी तीस वर्षं त्यात मागे बसून काढली. संगणक सांभाळायचा, आणि घाईत कुठल्या वैमानिकाचा हात भलत्याच बटणावर गेला ते वहीत टिपायचं. "रोज दोन-तीन विमानं पडायची," ते म्हणतात, "पण दुपारी सगळे जेवायला हजर."

निवृत्त होऊन वाडीत आले तरी वही सुटली नाही. आमच्या गाईनं लाथ मारून दुधाची चरवी लवंडली, तेव्हा आई गाईला शिव्या देत होती आणि काका चरवी ते खूर हे अंतर टेपनं मोजत होते. "गाय चुकली नाय गो, मांडणी चुकली."

एकदा दासगावच्या पुढे माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. वीर स्टेशनवरून आम्ही रिक्षा केली. काकांनी पत्ता सांगितला, रिक्षावाला "हां" म्हणाला.

"हां नाय. काय ऐकलंस ते परत बोल."

त्यानं बिचाऱ्यानं तीनदा बोलून दाखवलं. मग मोबाईलवर नकाशा लावला आणि थेट एका गोठ्यात रिक्षा घातली. समोर म्हैस.

"मोबाईलच बोलला डावीकडं," तो म्हणाला.

मी चिडलो. काकांचा चेहरा मात्र खुलला. त्यांनी वही काढली. "शाब्बास. आता सांग, मोबाईल बोलला तेव्हा तुझे डोळे कुठं होते?" चौकशी अर्धा तास चालली. तोवर तिकडे पेढे संपले.

तर ती बटणं. एक दिवस काकी दिवा लावायला गेल्या आणि पंप चालू झाला, टाकी भरून पाणी अंगणात आलं. वाडी हसली. काका हसले नाहीत. डोळ्यांना धुरकट दिसतंय हे काकींनी कुणालाच सांगितलं नव्हतं. काकांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डिंक आणला, आणि महिन्याभरात महाडला नेऊन दोन्ही मोतीबिंदू काढून आणले.

गेल्या रविवारी मी विरजण मागायला गेलो. काकी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मला आलेलं बघून त्यांनी आत हाक मारली, "अहो, पंख्याचं बटण कुठलं हो?"

मी हळूच विचारलं, "काकी, आता दिसतं ना तुम्हाला?"

"भिंतीवरची मुंगी दिसते रे," त्याही हळूच म्हणाल्या. "पण मुंबईला ह्यांना रोज दहा जण विचारायचे. इथं कोण विचारतंय?"

काका लगबगीनं बाहेर आले. काकींना उठवून भिंतीपाशी नेलं, त्यांचं बोट धरून करवंटीवर टेकवलं. पंखा फिरू लागला.

"आता राहील ना ध्यानात?"

"कुठलं राहतंय हो," काकी म्हणाल्या, आणि परत बसून ताटातला बारीकसा खडा वेचून त्यांनी अंगणात टाकला.