येथे सल्ला मिळत नाही

आमच्या समोरच्या दारावर पाटी आहे: 'श्रीमती शकुंतला गायके, एम.ए. (मानसशास्त्र). येथे सल्ला मिळत नाही.'

सिडकोतल्या आमच्या इमारतीत सल्ला न देणारं हे एकच घर. माझ्याकडे तो कधीही आणि फुकट मिळतो. मी बँकेतून निवृत्त झालेला बी.कॉम. माणूस. पित्त, जावई, शेअर बाजार, नैराश्य, कशावरही विचारा. न विचारताही चालतं.

गायकेबाई फुलंब्रीच्या शाळेत शिक्षिका होत्या. मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, त्याच शाळेत होते. ते गेले, बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी घरी बसून मानसशास्त्रात आधी बी.ए. आणि मग एम.ए. केलं. निकालाचे पेढे घेऊन आल्या तेव्हा मी म्हणालो, "झालं, आता काढा दवाखाना."

बाईंनी पेढ्यांचा डबा मागे घेतला. "भाऊ, लायसन नाय माझ्याकडं."

मग त्यांनी मला उभ्या उभ्या सगळी वाट सांगितली. बी.ए., एम.ए. हे नुसतं अंगण. पुढे प्रवेश परीक्षा, मुलाखत, मग दवाखान्यात दोन वर्षं रोज हजेरी. रुग्णाशी बोलायचं तेही वरिष्ठांच्या देखरेखीखाली. वर प्रबंध. हे सगळं पार पडलं की दिल्लीच्या परिषदेकडे नोंदणी, आणि तेव्हा कुठे दारावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहायचं. त्यात बाई एका अभ्यासक्रमाची तयारी करतात तोवर दिल्लीत नियम बदलतात. वयाची अट तेवढी नव्हती. माझ्या हातात असतं तर मी घातली असती.

"एवढं कशाला बाई? मन चांगलं असलं की झालं," मी म्हणालो.

"पहिलीच्या पोराला ग म भ न शिकवायला डी.एड. लागतं. माणसाच्या डोक्यात हात घालायला काहीच नको व्हय?"

पेढा मला अखेर मिळाला, पण गोड लागला नाही.

गंमत अशी की ती पाटी लागली आणि लोक तिथेच जायला लागले. बाईंचा नियम एकच. रडगाणं घेऊन आलेल्याच्या पुढ्यात लसणाची परडी ठेवायची. "लसूण सोलायला लायसन लागत नाय," असं म्हणून स्वतःही सोलायला बसायच्या. समोरचा बोलायचा. तो थांबला की बाई एवढंच म्हणायच्या, "मग?" सोललेल्या लसणाची चटणी होऊन ती साऱ्या इमारतीत वाटली जायची. आमच्या घरातही शेजाऱ्यांची दुःखं भाकरीबरोबर चवीनं खाल्ली जात होती.

तिसऱ्या मजल्यावरचा जाधव चितेगावच्या कंपनीत सुपरवायझर आहे. पाचोडच्या शेताच्या बांधावरून त्याचं भावाशी बोलणं बंद होतं. मी त्याला दहा मिनिटांत तीन उपाय सांगितले होते, त्यातला एक वकिलाचा. बाईंकडे त्यानं एक संध्याकाळ लसूण सोलला आणि पुढच्या रविवारी भावाकडे जेवायला गेला.

"काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं.

"काय नाय. 'मग?' म्हणाल्या."

मला हे लागलं. या बाईंची युक्ती काढायचीच म्हणून मी गेलो. बसलो, हातात गड्डा आला, आणि थोड्या वेळानं मी सांगत होतो की बँक सुटल्यापासून सकाळी अंघोळ करून कुठे जायचं ते मला कळत नाही, म्हणून मी लोकांच्या घरी सल्ले घेऊन जातो. हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. त्या आठवड्याची चटणी आमच्या हिला फार आवडली. मी दही-भात खाल्ला.

प्रवेश परीक्षेत बाई दोनदा नापास झाल्या. तिसऱ्यांदा मुलाखतीचं बोलावणं आलं. "औंदा नाय झालं तर पुस्तकं रद्दीत," असं सांगून त्या पुण्याला गेल्या. इमारतीनं जेवढी काळजी केली तेवढी स्वतःच्या मुलांच्या दहावीला केली नसेल.

संध्याकाळी बसमधून उतरून त्या थेट आमच्या दारात आल्या. "भाऊ, लसूण हाय का घरात?"

हिनं परडी पुढे ठेवली. बाईंनी हात लावला नाही.

"शीट गेली. सगळं आलं मला. शेवटाला तिथल्या मॅडमनं विचारलं, एवढ्या लोकांचं तुम्ही ऐकता, तुमचं कोण ऐकतं? मी म्हणलं, पुढचा प्रश्न विचारा."

"हे बघा बाई," मी सरसावून बसलो, "मुलाखतीत अशा वेळी..."

"भाऊ, लायसन हाय का?"

मी एक गड्डा फोडायला घेतला.

"शाळंतून आलं की मी सैपाकाला लागायचे," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आन् मास्तर लसूण सोलत बसायचे. दिवसभराचं समदं मी त्यांना सांगायचे. मी थांबले की ते म्हणायचे, मग? ते गेले तसं घर लई गप झालं. लोक यायला लागले, तर मास्तरांचंच ते 'मग' म्हणत बसले मी. मला कोण म्हणणार?"

त्या थांबल्या. माझ्या जिभेवर तीन उपाय तयार होते, त्यातला एक प्राणायामाचा. मी ते गिळले.

"मग?" मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग बोलायला लागल्या त्या आमची जेवणं खोळंबेपर्यंत बोलत राहिल्या. माझी नखं झोंबत होती, पण मी उठलो नाही.

सीट गेली नव्हती. निकाल लागला आणि बाई सामान बांधून दोन वर्षांसाठी पुण्याला गेल्या. पाटी तशीच आहे, घराची किल्ली आमच्याकडे आहे. दर रविवारी त्यांचा वसतिगृहातून फोन येतो. रुग्णांबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत, पण वरिष्ठांची बोलणी, मेसची पातळ भाजी, आज्जी म्हणणाऱ्या वर्गमैत्रिणी, सगळं सांगतात. मी फोन स्पीकरवर ठेवतो, परडी घेतो आणि त्या थांबल्या की "मग?" म्हणतो.

परवा फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊ, मास्तरांसारखं म्हणायला लागले तुम्ही."

 फोन बंद झाला तरी मी आणखी एक गड्डा सोलायला घेतला.